आधी जनरल वॉर्ड की थेट आयसीयू?

नर्सिंगचे निकाल लागले, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं, की मला फोन यायला लागतात. सरकारी रुग्णालयांत तीस वर्षांहून अधिक काळ काढून मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आमच्या नात्यागोत्यात आणि मोहल्ल्यात नर्सिंगला जाणाऱ्या मुली आता बऱ्यापैकी आहेत. त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो. शब्द वेगळे असतात, प्रश्न एकच. "खाला, आयसीयूत घेतायत, जाऊ का?" "एनआयसीयूत जागा आहे, पण आमच्या मॅडम म्हणतात आधी जनरल वॉर्ड कर." "जनरलमध्ये वर्ष काढलं तर ते फुकट जाईल का?"

आमच्या पिढीपुढे हा प्रश्नच नव्हता. मेट्रन यादी लावायच्या आणि आपण यादीत नाव शोधायचं. पहिली नेमणूक बहुतेक मेडिसिन नाहीतर सर्जरीचा वॉर्ड. आयसीयू म्हणजे चार-सहा खाटांची खोली, तिथे मुरलेल्या सिस्टर असायच्या. आता चित्र उलटं झालं आहे. खासगी रुग्णालयांत अतिदक्षता विभागच मोठे झाले, माणसं तिथेच कमी पडतात, आणि काल पास झालेली मुलगी आज व्हेंटिलेटरसमोर उभी राहते.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बहुतेक मुलींनी पहिले सहा महिने ते वर्षभर जनरल वॉर्डात काढावं. मात्र "आम्ही केलं, तुम्हीही करा" हे काही त्याचं कारण होऊ शकत नाही. सासूने सोसलं म्हणून सुनेने सोसावं, तसलं ते झालं. आणि दोन वर्षं वॉर्डात घासल्याशिवाय कुणी खरी नर्स होत नाही, हेही मला मान्य नाही. माझी कारणं वेगळी आहेत, आणि त्यांना एक अटही आहे.

पहिलं कारण म्हणजे बघायला शिकणं. आयसीयूत रुग्णाच्या डोक्यापाशी मॉनिटर असतो. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन सगळं आकड्यांत दिसतं, आकडा बिघडला की यंत्र ओरडतं. वॉर्डात ओरडणारं काही नसतं. तिथे फक्त नर्सचे डोळे, हात आणि घड्याळ. टीपीआरचा चार्ट घ्या. तापमान थर्मामीटर सांगतो, नाडी बोटांना लागते, पण श्वास मोजायला मिनिटभर रुग्णाकडे बघत उभं राहावं लागतं. घाईच्या वॉर्डात ते मिनिट कुणाकडे नसतं, म्हणून ओळीने सगळ्यांच्या चार्टवर २० लिहिलेलं सापडतं. जणू तीस माणसं एका तालात श्वास घेत होती! आणि खरं तर माणूस खालावायला लागला की बऱ्याचदा आधी श्वास वाढतो, रक्तदाब नंतर पडतो. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली धोक्याची पूर्वसूचना देणारा जो गुणतक्ता काढला, त्यात श्वासांची गती मिनिटाला २५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या एका गोष्टीलाच सर्वांत जास्त, म्हणजे ३ गुण आहेत.

माझ्या पुरुष मेडिसिन वॉर्डात एक नवी मुलगी होती, नोकरीचा तिसरा महिना. सतरा नंबरच्या खाटेवर एक म्हातारा होता, भारी कटकट्या. रोज संध्याकाळी बिडीसाठी भांडायचा. त्या संध्याकाळी तो भांडला नाही. ती मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "सिस्टर, सतरा नंबर आज गप्प आहे." एवढंच. ताप किरकोळ होता, रक्तदाब ठीक होता. मी म्हटलं, श्वास मोज. ती पूर्ण मिनिट उभी राहिली. ३० भरले. डॉक्टरांना बोलावलं, फुप्फुसात न्यूमोनिया पसरत होता आणि रक्तात विष भिनायला सुरुवात झाली होती. रात्री त्याला आयसीयूत हलवलं. दहाएक दिवसांनी परत आमच्याच वॉर्डात आला आणि पुन्हा बिडी मागायला लागला. "गप्प आहे" हे कुठल्याही मॉनिटरवर दिसत नाही. रोज भांडणारा माणूस ओळखीचा असेल तरच त्याचं गप्प होणं कळतं.

दुसरं कारण, कामाचा क्रम. आयसीयूत एका किंवा दोन रुग्णांची खोलात जाऊन काळजी घ्यायची असते. वॉर्डात ओव्हर घेताच डोळ्यांपुढे चाळीस खाटा येतात. कुणाचं सलाईन संपत आलंय, कुणाला ऑपरेशनला न्यायचंय, कुणाची साखर तपासायचीय, कुणाचे नातेवाईक केसपेपर घेऊन मागे लागलेत, एक आजी पलंगावरून उतरू पाहतेय. सगळं एकदम करता येत नाही. आधी काय, मग काय, काय मावशीकडे द्यायचं आणि काय कुणाच्याही हातात द्यायचं नाही, हे ठरवायची सवय पुस्तकातून लागत नाही. मुली म्हणतात, शिकताना तीन वर्षं वॉर्डातच तर होतो. होता. पण विद्यार्थिनी म्हणून वॉर्डात असणं वेगळं आणि चार्टखाली आपली सही असणं वेगळं.

तिसरं कारण, हातांचं काम. अंग पुसणं, तोंड स्वच्छ करणं, बेडपॅन देणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीची काळजी. ही कामं आता कमी प्रतीची समजली जातात. मला दर वेळी अरुणा शानबाग आठवतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं चार नंबर वॉर्डाशी लागून असलेल्या खोलीत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. सुरुवातीला सांभाळणाऱ्या निवृत्त झाल्या, त्यांच्यानंतरच्याही झाल्या, ज्यांनी त्यांना कधी चालता-बोलताना पाहिलं नव्हतं त्या मुलींनी पुढे सांभाळलं. त्यांच्या दयामरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांची मनापासून प्रशंसा केली. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला बेडसोअर होऊ दिले नव्हते. त्यासाठी कुठलं महागडं यंत्र लागलं नाही. वॉर्डातलं साधं नर्सिंग लागलं, पण ते एकही पाळी न चुकवता.

चौथी गोष्ट सांगायला थोडी अवघड आहे. वॉर्डात माणसं बोलतात. "सिस्टर, घरी कधी सोडणार?" "बिल किती येईल?" "मला काय झालंय, खरं सांगा." आयसीयूत बरेच रुग्ण बेशुद्ध नाहीतर गुंगीत असतात आणि नातेवाईक काचेपलीकडे. जनरल वॉर्डात नातेवाईक पलंगाखाली चटई टाकून झोपलेला असतो. शेजारच्या खाटेवरची आजी, जिची जातपात तुम्हाला ठाऊक नाही, रोज्याच्या दिवसांत "पोरी, तुझ्या उपासाला ठेवलाय" म्हणत लाडू पुढे करते. आणि माणूस जातो तेव्हा त्याची माणसं तिथेच असतात. कुणाच्या तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान, कुणाच्या ओठांवर आबे-जमजमचे थेंब, कुणाच्या उशाशी बायबल. एखादा एकटाच असेल तर त्याला पाणी आपणच पाजायचं. पाणी पाजताना तो कोण हे विचारायचं नसतं, हे मला कुठल्या भाषणाने नाही, वॉर्डाने शिकवलं.

आता दुसरी बाजू. ती कच्ची नाही.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन नर्सिंग अभ्यासिकेचं १९८४ सालचं पुस्तक नर्सिंग शिकवणाऱ्यांत प्रसिद्ध आहे. नवखेपणापासून निष्णात होण्यापर्यंतच्या पाच पायऱ्या त्यांनी मांडल्या. त्यातली एक गोष्ट "आधी जनरल"वाल्यांना अडचणीची आहे. बेनर म्हणतात, कौशल्य जागेशी बांधलेलं असतं. एका विभागात मुरलेली नर्स अगदी वेगळ्या विभागात गेली की पुन्हा नवखीच होते. कामात तयार व्हायला त्याच प्रकारच्या रुग्णांमध्ये दोन-तीन वर्षं जावी लागतात. म्हणजे पाच वर्षं मेडिसिन वॉर्डात काढलेली सिस्टर नवजात बाळांच्या कक्षात गेली तर तिथे ती पहिलीतलीच. मग पाच वर्षं कशासाठी घालवायची?

याचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या ओळखीतली एक मुलगी जीएनएम झाली आणि थेट एनआयसीयूत लागली. तिथल्या इनचार्ज सिस्टरने तिला सहा महिने एकटं सोडलं नाही. सुई कशी धरायची, बाळाचा रंग कसा वाचायचा, इन्क्युबेटरचं दार किती वेळ उघडं ठेवायचं, सगळं शेजारी उभं राहून दाखवलं. आज ती मुलगी किलोभराहून कमी वजनाच्या बाळाच्या केसाएवढ्या शिरेत सलाईन लावते आणि भोवतालचे डॉक्टर श्वास रोखून बघतात. तिला आधी वर्षभर मेडिसिन वॉर्डात ठेवलं असतं तर ती याहून चांगली झाली असती, असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण २०२० मध्ये कोविडच्या लाटेत तिला मोठ्यांच्या वॉर्डात पाठवलं, तेव्हाचं तिचं वाक्य मी विसरलेले नाही. "खाला, मला रोगाची नाही, पेशंट बोलतो याचीच भीती वाटली." तिच्या रुग्णांनी तोवर तिला कधी काही विचारलंच नव्हतं.

आणि वॉर्ड शिकवतो असं मी म्हणते, तो वॉर्ड आज आहे कुठे? केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांप्रमाणे जनरल वॉर्डात सहा रुग्णांमागे एक नर्स हवी, आयसीयूत एकास एक. मी अशा रात्री काढल्या आहेत जिथे चाळीस खाटा, जमिनीवर गाद्या टाकून आणखी दहा, आणि आम्ही दोघी. अशा वॉर्डात नवी मुलगी शिकत नाही, धावते. धावताना जे शिकते ते बहुतेक चुकीचं असतं. सगळ्यांचे श्वास २० लिहायची सवय तिथेच लागते. त्यात भर म्हणजे वॉर्ड ही शिक्षेची जागा होऊन बसली आहे. कुणाशी वाजलं की पाठव जनरलला. जिथे जायला सगळे घाबरतात तिथे नव्या पोरीला "जा, तिथे पाया पक्का होईल" असं सांगणं ढोंगीपणाचं आहे.

म्हणून माझी अट. वॉर्ड चांगला तेव्हाच, जेव्हा तिथे हाताला धरून शिकवणारं कुणी असेल. अमेरिकेत नव्या नर्सना वर्षभराचे रेसिडेन्सी कार्यक्रम असतात, विशेष विभागांतही थेट घेतात, पण अनुभवी नर्सच्या हाताखाली. मला त्यातला "हाताखाली" हा शब्द महत्त्वाचा वाटतो. जनरल असो की आयसीयू, पहिल्या सहा महिन्यांत शेजारी कोण उभं आहे, यावर मुलगी घडते किंवा मोडते. दोन्हीकडे शिकवणारं कुणी असेल तर मी वॉर्ड निवडीन. एकाच ठिकाणी असेल तर ते ठिकाण.

आमच्या घरांत या प्रश्नाला आणखी दोन पदर असतात. त्यांच्याबद्दल उघड बोललेलं बरं.

एक म्हणजे आखात. कोकणातल्या आमच्या कितीतरी घरांची छपरं आखाती पैशावर उभी आहेत. पूर्वी मुलगे जायचे, आता नर्स झालेल्या मुलींनाही ती वाट दिसते. सौदी, कतार, दुबईच्या जाहिरातींत विभागाचं नाव असतं, आयसीयू, डायलिसिस, ओटी, आणि बहुतेक वेळा दोन वर्षांचा अनुभव मागतात. अनुभवाच्या दाखल्याची डेटाफ्लोकडून पडताळणी होते, त्यात थाप चालत नाही. म्हणजे वॉर्डातलं एक वर्ष म्हणजे विमानाला एक वर्ष उशीर. ज्या घरावर कर्ज आहे तिथे एक वर्ष लहान नसतं. मेडिकल-सर्जिकल नर्सनाही तिकडे मागणी असते हे खरं, पण घरात हिशेब मांडताना ते कुणी ऐकत नाही.

माझ्या बहिणीच्या मुलीपुढे हेच आलं. तिचे अब्बा कुवेतला ड्रायव्हर होते, गुडघे गेले म्हणून परतले. तिच्या शिक्षणाचं कर्ज फिटायचं होतं. एकीकडे सरकारी रुग्णालयात कंत्राटी जागा, जनरल वॉर्ड, पगार बेताचा. दुसरीकडे शहरातल्या खासगी रुग्णालयाचा आयसीयू, पगार बरा. बहीण म्हणाली, "तू सांगशील ते." मी काही सांगितलं नाही, आधी मुलीला प्रश्न विचारायला पाठवलं. पहिले तीन महिने मी कुणाच्या हाताखाली असेन? ती सिस्टर माझ्याच पाळीत असेल का? मला एकटीला व्हेंटिलेटरचा पेशंट कधी देणार, आणि मी तयार आहे हे कोण ठरवणार? सरकारी रुग्णालयात उत्तर मिळालं, "आल्यावर बघू." खासगीत नर्सिंग सुपरिटेंडेंटने वहीतलं वेळापत्रक काढून दाखवलं, बरोबर राहणाऱ्या सिस्टरशी भेटही घालून दिली. मी म्हटलं, बिनधास्त आयसीयूत जा. फक्त दर पाळीत एकदा मॉनिटरकडे पाठ कर, रुग्णाच्या छातीकडे बघ आणि श्वास स्वतः मोज. तिला तिथे आता दीड वर्ष झालं. काम चोख करते असं ऐकते. परवा फोनवर म्हणाली, "खाला, आमच्याकडून वॉर्डात गेलेला पेशंट पुढे कसा बरा होतो, ते मी कधी बघितलंच नाही." तिने आपणहून तीन महिने वॉर्ड मागितला आहे. देतात का बघू.

दुसरा पदर पुरुष वॉर्डाचा. कित्येक घरी मुलीला एनआयसीयू किंवा बाळंतपणाचा विभाग हवा असतो तो आवडीपोटी नाही, तिथे पुरुष रुग्ण नसतात म्हणून. काही वेळा स्थळ बघणारेच विचारतात, "मुलगी मेल वॉर्डला तर नसते ना?" मी अशा घरांत शांतपणे रुफैदा अल-अस्लमिया यांची आठवण करून देते. सीरतच्या ग्रंथांत त्यांचा उल्लेख आहे. इ.स. ६२७ च्या खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज बाणाने जखमी झाले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मदिनेच्या मशिदीत रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितलं. त्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करायच्या. सैनिक पुरुषच होते. एका स्त्रीचा तंबू मशिदीत चालला, तर आपल्या मुलीला पुरुष मेडिसिन वॉर्ड का चालू नये? ज्याला उठता येत नाही, लघवी सांगता येत नाही, तो माणूस त्या क्षणी आधी आजारी असतो, पुरुष नंतर.

बाळांचा ओढा असेल तर मुलीने जरूर एनआयसीयूत जावं. पण लोक काय म्हणतील या भीतीने निवडलेला विभाग ही आवड नव्हे, पळवाट आहे. आणि पळवाटेची नर्स दुसरीकडे बदली होते तेव्हा अडते. स्पेशलायझेशनची दारं पुढे बंद होत नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे क्रिटिकल केअर, नवजात शिशू, कर्करोग, शस्त्रक्रियागृह असे वर्षभराचे पदविका अभ्यासक्रम आहेत. वर्षभर वॉर्ड करून, आपल्याला काय आवडतं ते कळल्यावर तिथे जाणं, हे आंधळेपणाने आधीच दार निवडण्यापेक्षा बरं.

मुलींना मी सांगायचं ते सांगितलं. पण खरं बोलायचं तर हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाही. ज्यांच्या हातात नेमणुका आहेत त्यांनी सगळ्यांत चांगली इनचार्ज सिस्टर जनरल वॉर्डात द्यावी, शिक्षेच्या बदल्या तिथे करू नयेत, आणि नव्या मुलीला पहिले काही महिने पाळीच्या मोजणीत पूर्ण माणूस म्हणून धरू नये. ती शिकते आहे, भरती नाही. एवढं झालं तर "आधी वॉर्ड कर" हे सांगायची वेळच येणार नाही, मुली स्वतः मागून घेतील. तोवर नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकीने पगाराच्या आधी एक प्रश्न विचारावा: पहिल्या रात्रपाळीला माझ्याबरोबर कोण असेल? ज्या रुग्णालयाकडे या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर आहे, तिथला वॉर्डही चांगला आणि आयसीयूही.